युजनेट: 'माझ्याकडे आहे, हवंय का?' 'नको, पोचलंय'

जुनाखांब | शनिवार, रात्री ९:४०

परवा भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या वेळी फेसबुक नव्हतं, तर तुम्ही अनोळखी लोकांशी भांडायचात कुठे?" म्हटलं, युजनेटवर, म्हणजे विषयवार ग्रुपांत लेख टाकायच्या आणि वाचायच्या जुन्या जाळ्यावर. "मग त्याचा सर्व्हर कुठे होता?" या प्रश्नावर मी बराच वेळ चहा ढवळत बसलो. हजारो सर्व्हर होते, पण युजनेटचा म्हणावा असा एकही नव्हता. त्याला जे सांगितलं ते जरा नीट मांडून इथे टाकतोय.

१९९२ ते ९५ मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएस करत होतो. खर्च भागावा म्हणून संगणक केंद्रात तासाच्या बोलीवर काम. हुद्दा भारी होता, न्यूज अॅडमिन. प्रत्यक्षात डिस्क भरत आली की जुने लेख उडवायचे आणि शेजारच्या विद्यापीठाकडून येणारा ओघ आटला की तिथल्या माणसाला फोन करायचा, एवढंच.

आमच्या यंत्राला जग ठाऊकच नव्हतं. त्याला पाच शेजारी ठाऊक होते. एका फाईलमध्ये पाच नावं आणि प्रत्येकापुढे कुठले ग्रुप द्यायचे त्याची यादी. आमच्याकडच्या एखाद्या मुलाने रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क या ग्रुपवर तलत महमूदबद्दल काही लिहिलं की तो लेख आधी आमच्याच डिस्कवर पडायचा. मग आमचं यंत्र पाचही शेजाऱ्यांना विचारायचं. ते आपापल्या शेजाऱ्यांना. संध्याकाळपर्यंत लेख ऑस्ट्रेलियात, आणि तरी ऑस्ट्रेलियाला तो पाठवला कुणीच नव्हता.

ते विचारणं शब्दशः असं असायचं. (कमांड देवनागरीत लिहितोय, सर्व्हरला अर्थात रोमनच कळते.)

आम्ही: आयहॅव <९३०४१२.७७१@आमचं-यंत्र>
शेजारी: ३३५ पाठव
(इथे अख्खा लेख जातो, शेवटच्या ओळीवर एकटा टिंब)
शेजारी: २३५ मिळाला

आणि बहुतेक वेळा असं:

आम्ही: आयहॅव <९३०४१२.७७१@आमचं-यंत्र>
शेजारी: ४३५ नको

या प्रोटोकॉलचं नाव एनएनटीपी. त्यात डझनावारी कमांडी आहेत, पण माझ्या मते सगळा डोलारा त्या ४३५ वर उभा आहे. 'नको, आहे माझ्याकडे' असं म्हणता आलं नसतं, तर तोच लेख प्रत्येक शेजाऱ्याकडून पुन्हा पुन्हा आला असता आणि सगळ्यांच्या तारा तुंबल्या असत्या.

रानजाई | शनिवार, रात्री १०:१५

म्हणजे आमच्या चाळीतली दिवाळी! आई ताट झाकून दारात उभी राहायची, "चकल्या आणल्यात हो." आणि आतून आवाज, "अहो राहू दे, दोन घरच्या आल्यात आधीच." फरक इतकाच की आई ४३५ ऐकूनही ताट ठेवूनच यायची.

पण मला एक कळलं नाही. शेजाऱ्याला कसं समजतं की हा तोच लेख आहे? विषय सारखे असू शकतात, मजकूरही सारखा असू शकतो.

जुनाखांब | शनिवार, रात्री १०:३२

रानजाई, कोनातल्या कंसात जे लिहिलंय ना, तो मेसेज-आयडी. लेख जन्माला येतो त्या यंत्रावरच तो चिकटवतात. डावीकडे त्या यंत्राने पुन्हा कधी वापरू नये असं काहीतरी, बहुधा तारीख-वेळ आणि आकडा, आणि उजवीकडे यंत्राचं नाव. नाव जगात एकमेव, डावीकडचा भाग त्या यंत्रापुरता एकमेव, म्हणून जोडी जगात एकमेव. आकडे वाटणारं मध्यवर्ती कार्यालय लागत नाही.

प्रत्येक सर्व्हर 'हिस्टरी' नावाची एक वही ठेवतो आणि बघितलेला प्रत्येक आयडी त्यात टिपतो. आयहॅव आलं की वहीत बघायचं. सापडला तर ४३५, नाही तर ३३५. मजकूर उघडून बघायचाच नाही.

लेख डिस्कवरून उडवला तरी वहीतली नोंद लगेच उडवायची नसते, हे मात्र नवख्यांना कळत नाही. उडवलीत, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोच लेख घेऊन दारात उभा, आणि तुमचा सर्व्हर भाबडेपणाने म्हणणार 'पाठव'. आता वहीसुद्धा अनंत काळ वाढू देता येत नाही. त्यावर आयएनएन या सर्व्हर-सॉफ्टवेअरने काढलेला तोडगा मला फार आवडतो. आधीच ठरवून न दिल्यास तो दहा दिवसांहून जुना लेख दारातच नाकारतो. म्हणजे वही साधारण तितकेच दिवस लक्षात ठेवली की झालं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. १९९३ च्या एका शुक्रवारी डिस्क काठोकाठ भरली आणि वही अर्धवट लिहिली गेली. मी तोवर मित्रांबरोबर खिचडी करत होतो. सोमवारी सकाळी केंद्रात गेलो तर जुने-जुने लेख पुन्हा आत आलेले, नवे क्रमांक घेऊन. वाचणाऱ्यांच्या यादीत 'हे वाचलं' अशी खूण क्रमांकावर असते, आयडीवर नसते. त्यामुळे अख्ख्या विद्यापीठाला सगळं न वाचलेलं दिसत होतं. एका प्राध्यापकांनी मला गाठून शांतपणे विचारलं, "हा वाद मागच्या आठवड्यात मी जिंकलो होतो ना?"

खडूस_काका | रविवार, सकाळी ७:०५

धागा चांगला आहे, पण गोष्ट मध्यापासून सुरू केलीत. एनएनटीपी आलं १९८६ च्या फेब्रुवारीत, आरएफसी ९७७ (इंटरनेटचे नियम ज्यात छापतात तो दस्तऐवज), लेखक ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली. त्याच्या आधी युजनेट सहासात वर्षं चालू होतं, आणि तेही इंटरनेटशिवाय.

१९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने पहिला नमुना चक्क शेल स्क्रिप्टमध्ये लिहिला. वाहतूक यूयूसीपीवरून, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला मॉडेमवरून फोन लावणार, गठ्ठा देणार, गठ्ठा घेणार, फोन ठेवणार. रात्री दर कमी, म्हणून फोन रात्री.

यूयूसीपीत सहसा 'हवंय का?' असं विचारलंच जात नसे, हे तुमच्या ४३५ च्या कौतुकात राहून गेलं. गठ्ठा बांधायचा आणि पाठवायचा. घेणाऱ्याने उघडल्यावर त्याला कळणार की यातलं निम्मं आपल्याकडे आहे. फोनचं बिल तोवर झालेलं. एनएनटीपीचं श्रेय एवढंच की प्रश्न आधी आणि माल नंतर.

जुनाखांब | रविवार, सकाळी ८:२०

काका, कान पकडले. फक्त 'एवढंच' मान्य नाही. त्याच प्रोटोकॉलने वाचकालाही दार उघडलं. आधी ज्या यंत्रावर लेख साठवलेत त्याच यंत्रावर लॉगिन करून वाचावं लागे. एनएनटीपीमुळे लेख एका यंत्रावर आणि वाचणारा खोलीतल्या दुसऱ्या यंत्रावर बसू शकला. ११९ नंबरच्या त्याच पोर्टवर शेजारी सर्व्हर 'आयहॅव' म्हणतो आणि वाचक 'ग्रुप', 'आर्टिकल', 'पोस्ट' म्हणतो.

मिरजेचा_मुलगा | रविवार, दुपारी १२:५०

काल रात्री हा धागा वाचून झोप गेली. एका व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर, आयएनएन बसवलं. डेबियन या लिनक्समध्ये आयएनएन२ नावाचं पॅकेज अजून आहे! टेलनेट करून ११९ वर शिरलो तर '२००' ने स्वागत. २०० म्हणजे वाचाही आणि लिहाही, २०१ असतं तर नुसतं वाचा.

दोन शंका. लेखाचा शेवट एकट्या टिंबाने होतो म्हणता, मग माझ्या लेखातच एका ओळीवर एकटा टिंब असेल तर? आणि लेखाच्या डोक्यावर 'पाथ' नावाची ओळ दिसते, तिचं काय काम? ओळख पटवायला मेसेज-आयडी आहेच की.

जुनाखांब | रविवार, दुपारी २:१०

शाब्बास रे. पहिलं सोपं आहे. ज्या ओळीची सुरुवात टिंबाने होते तिच्यापुढे पाठवणारा आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा तो काढून टाकतो. ईमेलच्या एसएमटीपीतही हीच युक्ती. अर्धवट लिहिलेल्या सॉफ्टवेअरने ही पायरी गाळली की लेख मध्येच तुटायचा आणि उरलेला मजकूर सर्व्हर कमांड समजून वाचायचा. 'माझ्या मते राजेश खन्ना' ही कमांड आम्हाला माहीत नाही, ५००.

पाथ मात्र सावकाश बघ. लेख ज्या यंत्रातून जातो ते यंत्र आपलं नाव डावीकडे जोडतं, मध्ये उद्गारचिन्ह. समजा लेख टोरांटोत जन्मला, पुण्यामार्गे तुझ्याकडे आला, तर तुझ्या डिस्कवर तो असा दिसेल:

पाथ: मिरज!पुणे!टोरांटो!नॉट-फॉर-मेल

उजवीकडून डावीकडे वाचायचं. आता तुझं यंत्र हा लेख पुढे द्यायला शेजाऱ्यांची यादी काढेल. यादीत टोरांटो असेल, तर नाव पाथमध्ये आधीच आहे, विचारायचंही नाही. मेसेज-आयडीने निर्णय होतो, पाथने प्रश्नच वाचतो. काकांच्या यूयूसीपी जमान्यात तर सहसा प्रश्न विचारलाच जात नसे, तेव्हा पाठवायच्या आधीची काटछाट मुख्यतः या ओळीवर चालायची.

आणि ते शेवटचं नॉट-फॉर-मेल. पूर्वी हीच ओळ परतीचा पत्ता म्हणून चालायची, कारण यूयूसीपीची मेलही उद्गारचिन्हांच्या माळेनेच जायची. लेख ज्या वाटेने आला त्या वाटेने उलट पत्र धाडायचं. पुढे ते बंद झालं आणि शेपटाला ही पाटी लागली.

अण्णा_टोरांटो | रविवार, रात्री ८:०० (इथली सकाळ)

टोरांटोचं नाव निघालं म्हणून आलो. त्या पाथमध्ये जुन्या लोकांना एक नाव फार दिसायचं, यूटीझू. झू म्हणजे झूऑलॉजी. इथल्या टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातलं यंत्र ते, आणि ते सांभाळायचे हेन्री स्पेन्सर. त्यांनी जेफ कॉलियर यांच्याबरोबर सी न्यूज हे युजनेटचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याहून मोठं काम म्हणजे १९८१ पासून १९९१ पर्यंतचे लेख त्यांनी १४१ टेपांवर उतरवून ठेवले. युजनेटची रीत होती लेख वाचा, मुदत संपली की पुसा. साठवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे २००१ मध्ये गूगलने जुना संग्रह लोकांसाठी खुला केला, त्यातला सुरुवातीच्या दशकाचा मोठा भाग या टेपांवरचा. प्राणिशास्त्राच्या कपाटात सापडलेला इतिहास.

मी त्याआधी मुंबईत होतो. जुहूला एनसीएसटी ही सरकारी संगणक-संशोधन संस्था होती, जी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे 'शक्ती' नावाचं यंत्र होतं आणि परदेशी मेल त्याच्या मार्फत जायची, पलीकडे अमेरिकेतलं यूयूनेट. पत्त्यातसुद्धा यूयूनेट!शक्ती! अशी माळ असायची. अर्नेटचे, म्हणजे देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचे, ते दिवस. परदेशाची लाईन ९६०० बिटांची, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक किलोबाइट. सगळे ग्रुप मागवायचा विचार कोण करणार! पाहिजे तेवढेच मागवायचे. गावाला नळ आला तरी पाणी दोन हंडे, तसलं.

रानजाई | रविवार, रात्री ९:१५

अण्णा, कपाटातला इतिहास आवडला.

आता माझा खरा त्रास सांगते. माहेरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच 'कोमट पाण्यात हळद' मी या महिन्यात सहा वेळा वाचलं. १९८६ मध्ये ४३५ होतं, तर आज माझा फोन 'नको, पोचलंय' का म्हणू शकत नाही?

जुनाखांब | रविवार, रात्री ९:३८

कारण फॉरवर्ड केलं की तो नवा निरोप होतो. मावशीने पाठवलेली हळद वेगळी आणि काकांनी पाठवलेली वेगळी, मजकूर भले अक्षर न अक्षर तोच. युजनेटवर लेख शंभर यंत्रांतून गेला तरी त्याचा जन्माचा आयडी बदलत नाही, मधल्या यंत्राला फक्त पाथमध्ये नाव जोडायची मुभा.

आणि हीच पळवाट युजनेटवरही सापडली होती. एकच लेख पाच ग्रुपांत टाकायचा तर डोक्यावरच्या ओळीत पाचही नावं लिहायची. त्याला क्रॉसपोस्ट म्हणत. आयडी एकच, डिस्कवर प्रत एकच, आणि बऱ्या वाचक-सॉफ्टवेअरमध्ये एकदा वाचलं की बाकीच्या ग्रुपांतही वाचलेलं दिसे. १२ एप्रिल १९९४ ला अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून अधिक ग्रुपांत टाकली, तीही प्रत्येक ग्रुपात वेगवेगळी. वेगळा लेख, वेगळा आयडी. जगातल्या प्रत्येक सर्व्हरने प्रत्येक प्रतीला इमानेइतबारे ३३५ म्हटलं.

त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. सोक.कल्चर.इंडियन वाचायला बसलो, जाहिरात. आमच्या निम्म्या मित्रांना ग्रीन कार्डाची स्वप्नं पडत असल्यामुळे तिथे ती तशी विषयाला धरून होती म्हणा. मग संगीताच्या ग्रुपात, जाहिरात. मग आयएनएनच्या अॅडमिन लोकांच्या ग्रुपात, तिथेही. प्रोटोकॉल बिघडला नव्हता, तो अगदी सांगितल्याप्रमाणे वागत होता. म्हणून तर काही करता येईना.

खडूस_काका | सोमवार, सकाळी ७:१०

'काही करता येईना' असं नाही. कॅन्सल होतं. लेख रद्द करायचा तर आणखी एक लेख सोडायचा, त्यात 'अमुक आयडी काढून टाका' असं लिहायचं. तोही त्याच वाटांनी, त्याच आयहॅवने जगभर जातो आणि जिथे पोचेल तिथे मूळ लेख पुसतो. नॉर्वेच्या आर्न्ट गुल्ब्रान्सन यांनी त्या जोडप्याच्या लेखांमागे असे रद्द-लेख सोडणारा प्रोग्रॅमच लावला होता.

पण रद्द करणारा खरा लेखकच आहे हे बघणार कोण? 'प्रेषक' ओळीत कुणाचंही नाव घालता यायचं. मग कुणीही कुणाचेही लेख रद्द करायला लागलं, आणि पुष्कळ अॅडमिननी कॅन्सल पाळणंच सोडलं. कुलूप-किल्लीची रीत, कॅन्सल-लॉक, आरएफसी म्हणून छापली गेली ती २०१८ मध्ये, आरएफसी ८३१५. चोर पळाल्यावर चोवीस वर्षांनी कडी.

जुनाखांब | सोमवार, सकाळी ९:००

काका, मान्य. नवा ग्रुप काढायचा निरोपही असाच लेखातून यायचा आणि तो मानायचा की नाही हे प्रत्येक अॅडमिनच्या मर्जीवर. आमचे साहेब आल्ट (कुणीही काढावेत अशा ग्रुपांच्या नावाची सुरुवात) हा शब्द दिसला की रद्दीत टाकायचे. शेजारच्या विद्यापीठात आल्टचे सगळे ग्रुप होते, म्हणून मुलं तिथल्या मित्रांचे पासवर्ड मागायची. 'युजनेटचा मालक कोण' याचं उत्तर बहुधा हेच, ज्याची डिस्क तो मालक, आणि तोही आपल्या डिस्कपुरता.

मिरजेचा_मुलगा | सोमवार, रात्री १०:४५

मराठीचं काय होतं तेव्हा?

अण्णा_टोरांटो | सोमवार, रात्री ११:२०

होतं की. सोक.कल्चर.इंडियन.मराठी नावाचा ग्रुप होता. पण सगळं रोमन लिपीत. या तारांची मूळ गृहीतं सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांची. आठवा बिट वाटेतल्या कुठल्या यंत्रात गळून पडेल याचा नेम नाही. तुमचा सर्व्हर कितीही चांगला असो, मजकूर दहा परक्या यंत्रांतून जाणार, त्यातलं एक जुनाट निघालं की संपलं. त्यामुळे आम्ही 'काल' लिहायचो आणि वाचणारा 'कळ' वाचायचा. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या रोमन लेखनपद्धतीत ळ, ण, ष सगळ्यांना वेगळी रोमन खूण होती. ती पाळून लिहिणारा माणूस ग्रुपात जरा पंडित समजला जाई. बाकीचे आपले मनाला येईल तसं. भांडणं मात्र रोमनमध्येही अस्सल मराठी.

२००६ मध्ये आरएफसी ३९७७ आली, क्लाइव्ह फेदर यांची. तिने एनएनटीपीला यूटीएफ-८ वर, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या अक्षरसंकेतावर, आणलं. म्हणजे तारेवरून देवनागरी सुखरूप जायची सोय झाली तेव्हा आमची मंडळी तिथून उठून वेबवर गेलेली होती.

जुनाखांब | मंगळवार, सकाळी ८:३०

अण्णा, 'काल/कळ' वरून आमच्या ग्रुपात दोन दिवस चाललेला वाद आठवला. विषय राहिला बाजूला.

मिरजेच्या मुला, तुझा सर्व्हर उभा आहेच, तर एक काम करूया. माझा पुण्यात एक आहे. अण्णा, तुम्ही टोरांटोत एक उभा करता का? तिघं एकमेकांचे शेजारी होऊ. त्रिकोण झाला की 'नको' आपोआप दिसायला लागेल, कारण प्रत्येक लेखाला प्रत्येकाकडे जायच्या दोन वाटा.

एक मात्र आत्ताच सांगतो, आयहॅव वापरू नका. पुणे ते टोरांटो जाऊन-येऊन साधारण पाव सेकंद लागतो असं धरा. आयहॅवमध्ये विचारायचं, थांबायचं, पाठवायचं, परत थांबायचं. एका लेखाला अर्धा सेकंद, म्हणजे एका जोडणीवर सेकंदाला दोनच लेख. तार कितीही जाड असली तरी दोनच, कारण वेळ वाट बघण्यात जातो. म्हणून पुढे 'चेक' आणि 'टेकधिस' अशा जोडकमांडी आल्या. चेकमध्ये उत्तराची वाट न बघता प्रश्नांची रांग लावायची, 'हा आहे? हा आहे? हा आहे?' उत्तरं येतील तशी येऊ देत. २३८ आलं तर हवाय, ४३८ आलं तर नको, ४३१ आलं तर नंतर विचार. ज्यांना २३८, ते टेकधिसने ढकलायचे. आयएनएन हे स्वतःच करतं.

मिरजेचा_मुलगा | गुरुवार, सकाळी ९:५५

जुळलं! तिघांचा त्रिकोण चालू. लॉग बघत बसण्यात अख्खी सकाळ गेली, ऑफिसचं काम तसंच पडलंय. पण एक भूत दिसलं.

अण्णांनी 'नमस्कार मिरज' असं लिहिलं. जुनाखांबकाकांनी पुण्यातून त्याला उत्तर दिलं, 'मिरज अजून झोपलंय.' माझ्याकडे उत्तर आधी आलं आणि अण्णांचा नमस्कार अजून आलेलाच नाही. हे कसं शक्य आहे? उत्तर पुण्याहून आलं म्हणजे पुण्याकडे मूळ लेख होता. मग पुण्याने मला मूळ लेख आधी का दिला नाही? क्रम तरी पाळायचा ना.

खडूस_काका | गुरुवार, सकाळी १०:२०

क्रमाचं वचन युजनेटने कधीच कुणाला दिलेलं नाही. उत्तर प्रश्नाच्या आधी येणं ही जुनी ओळखीची गोष्ट. म्हणून तर उत्तराच्या डोक्यावर 'रेफरन्सेस' ओळीत मूळ लेखाचा आयडी असतो आणि वाचक-सॉफ्टवेअर त्यावरून धागा विणतं, येण्याच्या क्रमावरून नाही. समोरच्याचं वाक्य उद्धृत करून खाली उत्तर लिहायची पद्धतही त्यामुळेच कामाची, मूळ लेख पोचला नसला तरी संदर्भ कळतो.

मिरजेचा_मुलगा | गुरुवार, सकाळी १०:३१

काका, ते पटलं. पण या वेळी नक्की काय झालं?

जुनाखांब | गुरुवार, दुपारी १:१५

माझ्याकडचा लॉग काढून बघितला. झालं ते असं.

अण्णांनी लेख टाकला. टोरांटोने एकाच वेळी तुला आणि मला विचारलं. मी घेतला. तूही अण्णांना २३८ म्हणालास, म्हणजे 'पाठवा'. नेमकी तेवढ्यात अण्णांची तुझ्याकडची जोडणी अडकली. इकडे माझ्या सर्व्हरने तुला विचारलं, 'हा आहे?' तुझ्या वहीत तो नाही, पण एका शेजाऱ्याला तू आत्ताच पाठव म्हणून सांगितलंयस. दोघांकडून घेतला तर एक प्रत फुकट. म्हणून तुझ्या यंत्राने मला ४३८ दिलं नाही, २३८ ही दिलं नाही. ४३१ दिलं, 'नंतर विचार.' माझ्या यंत्राने तो लेख मागाहून विचारायच्या रांगेत टाकला.

तेवढ्यात मी उत्तर लिहिलं. तो नवा लेख, नवा आयडी, त्याबद्दल तुला कुणीच आधी विचारलेलं नव्हतं. तू सरळ २३८ म्हणालास आणि उत्तर आत आलं. नमस्कार अजून माझ्या रांगेत बसलाय.

चाळीच्या भाषेत, रानजाई: एक जण जिन्यात चकल्या घेऊन येतोय असं कळलंय, म्हणून दुसऱ्याला 'जरा थांब' म्हटलं. पहिला जिन्यात गप्पा मारत बसला आणि दरम्यान दुसऱ्याने चिवड्याचं ताट आणून ठेवलं.

रानजाई | गुरुवार, दुपारी १:४०

जिन्यात गप्पा मारणारे अण्णा, हे आधीपासूनच ठाऊक होतं.

अण्णा_टोरांटो | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

माझी बाजू ऐका. मी लेख टाकला आणि नेमका तेव्हाच इथे राउटर बंद करून चालू केला. दोष कबूल.

मिरजेचा_मुलगा | गुरुवार, संध्याकाळी ६:५२

आत्ता बघितलं, नमस्कार दुपारीच आलाय. पाथ: मिरज!पुणे!टोरांटो!नॉट-फॉर-मेल. म्हणजे शेवटी पुण्याच्या रांगेतूनच आला. आणि त्याच्याच खाली लॉगमध्ये टोरांटोची ओळ आहे, अण्णांच्या यंत्राने जोडणी परत लागल्यावर तोच लेख पुन्हा विचारला. माझ्या यंत्राचं उत्तर, ४३८.